पेटीच्या सुरातला सांधा

समाधान मेश्राम एकोणीस वर्षं एकच काम करत आला होता. वाजवलेला सूर कापायचा आणि तो पुन्हा स्वतःलाच जोडायचा. नोएडात सेक्टर बासष्टला एका कंपनीत तो नोकरीला होता. ती कीबोर्डवाल्यांसाठी देशी वाद्यांचे आवाज तयार करून विकायची. पेटी, सनई, सारंगी, बुलबुलतरंग. वादकाला स्टुडिओत बसवून एकेक सूर वेगळा ध्वनिमुद्रित करायचा, तो कीबोर्डच्या त्या त्या पट्टीला नेमून द्यायचा, आणि अशा शे-दोनशे तुकड्यांचा एक संच बांधायचा. हरियाणात देवीच्या रात्रभर चालणाऱ्या जागरणात किंवा गाझियाबादच्या लग्नात कीबोर्डवाला पट्टी दाबतो आणि पेटी वाजते, ती अशी.

अडचण एकच असते. स्टुडिओतला सूर असतो सहा सेकंदांचा, आणि कीबोर्डवाला पट्टी वीस सेकंद दाबून धरतो. म्हणून सुराच्या पोटातला एक तुकडा निवडायचा आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तोच गोल फिरवत ठेवायचा. धंद्यात त्याला लूप म्हणतात. तुकड्याचा शेवट त्याच्या सुरुवातीला जिथे भेटतो तिथे तो नीट बसला नाही, तर दर फेरीला ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. ऑफिसात सगळे त्या जागेला लूप पॉइंट म्हणत. समाधान म्हणायचा सांधा. त्याचं सगळं काम त्या सांध्याचं होतं, आणि या कामात त्याचं नाव होतं. नीरज, कंपनीचा मालक, नवीन ग्राहकाला ऑफिस दाखवताना त्याच्या खुर्चीमागे थांबून म्हणायचा, “ये हमारे समाधान जी हैं। इनका लूप पकड़ के दिखाइए।”

समाधान आता अठ्ठेचाळीसचा होता. वडील अंबादास वरोऱ्याहून सरकारी नोकरीला दिल्लीत आले, मयूर विहारला सोसायटीत घर झालं, आणि मुलगा अधिकारी होईल म्हणता म्हणता हेडफोन लावून बसला. अंबादासांना ते शेवटपर्यंत कोड्यासारखंच राहिलं. “दिवसभर काय ऐकतो रे?” असं ते विचारायचे, आणि समाधान म्हणायचा, “टक् होतं का ते.” त्यावर ते मान डोलावून पेपर उघडायचे.

हल्ली त्याला फार दमल्यासारखं व्हायचं. मेट्रोत उभं राहून जाण्याने नव्हे, कामानेही नव्हे. माणसं बोलत असताना त्यांच्याकडे लक्ष देण्यानेच तो थकायचा. संध्याकाळी घरी आला की बायको स्वरूपा तिच्या खात्यातल्या बदल्यांचं काही सांगत असायची, तो ‘हं, हं’ म्हणायचा, आणि दहा मिनिटांनी ती विचारायची, “मी काय म्हटलं सांगा बरं?” त्याला सांगता यायचं नाही. एकदा जेवताना तो म्हणाला, “यंदा डास अजिबात नाहीत, नाही?” सोळा वर्षांची लुंबिनी हातावर हात मारत म्हणाली, “पप्पा, सीरियसली? मला रात्रभर सोने नहीं दिया त्यांनी.” तोही हसला. लुंबिनीची मराठी तशीच होती, निम्मी दिल्लीची, आणि त्याला वाटलं डासांचं काहीतरी ती वाढवून सांगतेय.

त्या हिवाळ्यात कंपनीने एक मोठं काम काढलं. त्यांचे सगळे संच एका जुन्या, बंद प्रकारच्या फाईलमध्ये होते. ती फाईल म्हणजे कुलूप लावलेली ट्रंक. आत सूर कुठे कापलाय, सांधा कुठे आहे, हे बाहेरून काहीही दिसत नसे, आणि ती उघडणारं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरांवर चालेनासं झालं होतं. ग्राहकांचे फोन येत होते. नीरजने ठरवलं की यापुढे सगळं एसएफझेडमध्ये न्यायचं. एसएफझेड म्हणजे साधी मजकुराची फाईल. कुणीही नोटपॅडमध्ये उघडावी आणि वाचावी. प्रत्येक ओळीत लिहिलेलं असतं, या पट्टीला हा सूर, लूप इथे सुरू, इथे संपतो. सगळं उजेडात.

जुने संच उघडून नव्यात आणायचं काम समाधानकडे आलं. जानेवारीच्या एका सकाळी त्याने पहिला संच बदलून घेतला, तयार झालेली फाईल उघडली, आणि आकडे वाचता वाचता थबकला.

हे आकडे त्याचे नव्हते.

त्याला खात्री होती, कारण तो प्रत्येक सांध्याचे आकडे एका वहीत हाताने लिहून ठेवायचा. पूर्वी एका कंपनीत हार्ड डिस्क बिघडून त्याचं चार महिन्यांचं काम गेलं होतं, तेव्हापासूनची सवय. त्याने कपाटातून वही काढली. गेल्या वर्षीचं पान. काळी एक, पांढरी दोन, काळी दोन. सुरुवात त्याचीच होती, शेवट वेगळा. कुठे दोनशे नमुन्यांनी, म्हणजे आवाजाच्या बारीक ठिपक्यांनी पुढे, कुठे सातशेने मागे, आणि काही ठिकाणी तर अख्खा तुकडाच दुसरीकडून घेतलेला. तो दिवसभर ताडून पाहत बसला. त्याआधीच्या सगळ्या वर्षांचं काम जसंच्या तसं होतं. बदल सगळे अलीकडच्या चौदा महिन्यांतले होते. चौसष्ट सूर. कुणीतरी त्याच्यामागे त्याच्या फाईली उघडून, हवं तसं करून, परत बंद करून ठेवल्या होत्या, आणि बंद फाईलमध्ये ते कधीच दिसलं नसतं.

सोमवारच्या मीटिंगला त्याने वही टेबलावर ठेवली. एरवी तो कुणाला चढ्या आवाजात बोलणारा माणूस नव्हता.

“मेरी फाइलों को किसने हाथ लगाया?”

खोलीत सहा जण होते. अक्षयाही होती. ती मूळची औदुंबरवाडीची, लातूरकडची. नागरी सेवा परीक्षेसाठी दिल्लीत आली, तीन प्रयत्न झाले, मग परत जायचं नाही म्हणून तिने मिळेल ती नोकरी धरली. चार वर्षांपूर्वी समाधाननेच तिला हे काम शिकवलं. ऑफिसात ती दोघंच मराठी बोलत, आणि सांधा हा शब्द वापरणारी दुसरी तीच. ती त्या वेळी लॅपटॉपकडे बघत होती.

“समाधान जी, छोड़िए ना,” नीरज म्हणाला. “कन्वर्जन में कुछ हुआ होगा।”

“कन्वर्जन आँकड़े नहीं बदलता। आदमी बदलता है।”

नीरजने बघतो म्हणून विषय संपवला. समाधानला मात्र त्यानंतर काही गोड लागेना. घरी, मेट्रोत, ऑफिसात तो एकेका माणसाचा विचार करत राहिला. कुणाला काय पडलं होतं? त्याची जागा कुणाला हवी होती? त्याला अक्षयाचा संशय एकदाही आला नाही.

मार्च उजाडला. चैत्रातल्या नवरात्रात जागरणांची गर्दी असते, म्हणून त्याच्या आधी पेटीचा नवा संच बाहेर काढला होता, पहिल्यापासून एसएफझेडमध्येच बांधलेला. आठवड्याच्या आत पानिपतहून तक्रार आली. सतपाल नावाचा जुना ग्राहक होता, वीस वर्षं जागरणांत कीबोर्ड वाजवणारा. त्याच्या शब्दावर आसपासच्या चार जिल्ह्यांतले वादक संच घेत. नीरजने त्याचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. नवी पेटी लांब धरली की टिक-टिक करते, माताजीच्या दरबारात घड्याळ लावून बसल्यासारखं वाटतं.

समाधानला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

“देखा?” तो म्हणाला. “यही होता है, जब कोई दूसरा हाथ डालता है। मैं खुद जाता हूँ। वहीं बैठ के दिखा दूँगा किसका लूप है।”

अक्षयाने मान वर केली. “सर, मी फोनवर बघते ना. जायची काय गरज आहे? फाईल मागवून घेऊ.”

“नाही. मला तिथेच जाऊन बघायचंय.”

ती आणखी काही बोलणार होती, पण नीरजने तोवर सतपालला फोन लावलाही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काश्मिरी गेटहून त्याने बस धरली. पिशवीत वही होती, लॅपटॉप होता, आणि स्वरूपाने दिलेला डबा. मुरथलच्या पुढे त्याला डुलकी लागली. पानिपतला उतरून रिक्षाने सतपालच्या गल्लीत पोहोचला तेव्हा साडेअकरा वाजले होते. खाली सतपालच्या भावाचा सोफ्याच्या कापडाचा छोटा कारखाना होता, चार यंत्रमाग एका वेळी खडखडत होते, आणि वर जिन्याने गेलं की सतपालची खोली. कीबोर्ड, दोन स्पीकर, भिंतीला लावलेली गादी. खिडकीपाशी त्याची आई मटार सोलत बसली होती, सत्तरी ओलांडलेली.

“आइए, आइए। मराठी हैं ना आप? मराठी लोग पहले लड़ाई वाला मैदान देखने जाते हैं,” सतपाल म्हणाला.

“मैं पेटी देखने आया हूँ,” समाधान म्हणाला, आणि सतपालला ते आवडलं. चहा आला. मग त्याने कीबोर्ड सुरू केला, नवा संच लावला, आणि मधल्या सप्तकातली काळी दोन दाबून धरली.

पेटी वाजत राहिली. भरीव, थोडी नाकातली, चांगली पेटी. समाधानने डोळे मिटले. सूर गोल फिरत होता, सरळ, सलग. टक् कुठेच नव्हतं.

“नीचे मशीन की आवाज़ है,” तो म्हणाला. “साफ़ नहीं आ रहा।”

सतपाल लगेच उठला, जिन्यातून खाली ओरडला, आणि थोड्या वेळाने एकेक करत चारही माग थांबले. खडखडाट गेल्यावर खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. खालचे दोघे कामगार काय चाललंय ते बघायला जिन्यात येऊन उभे राहिले. सतपालने पुन्हा तीच पट्टी दाबली.

“अब सुनिए।”

समाधान स्पीकरजवळ वाकला. मग आणखी जवळ. पेटी सलग वाजत होती.

“हर बार करता है,” खिडकीतून सतपालची आई म्हणाली. तिने मटारातून मानही वर केली नव्हती. “टिक। ये लो, फिर। टिक।”

जिन्यातला एक कामगार हसला. “हाँ, अम्मा, घड़ी है।” तो वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस होता, आणि त्यालाही ते ऐकू येत होतं.

आपल्याला ऐकू येत नाहीये, हे त्याला त्या क्षणी कळलं असं नाही. त्याला एवढंच कळलं की आता हो म्हणायला हवं. तो सरळ झाला आणि मान हलवून म्हणाला, “हाँ। है। सुनाई दिया।”

“इसके मुक़ाबले में ये सुनिए,” सतपाल म्हणाला, आणि त्याने कीबोर्डवर काहीतरी बदललं. पुन्हा काळी दोन. पुन्हा पेटी.

समाधान काही वेळ ऐकत राहिला. मग अनुभवी माणसासारखं ओठ आवळून म्हणाला, “इसमें भी है। थोड़ा कम है, लेकिन है।”

सतपालने पट्टीवरून बोट उचललं.

“जी, ये तो पिछले साल वाला है,” तो हळू म्हणाला. “इसमें तो कुछ है ही नहीं।”

कामगार खाली गेले. सतपाल मुद्दाम फसवणारा माणूस नव्हता, तो खरोखरच तुलना करून दाखवत होता, आणि आता त्यालाच अवघडल्यासारखं झालं. तो स्पीकरच्या वायरी चाचपत बसला. मग विचारलं, “समाधान जी, कान में कुछ तकलीफ़ है क्या?”

“सर्दी है,” समाधान म्हणाला.

पण फाईल मजकुराची होती, आणि ती तिथेच सतपालच्या लॅपटॉपवर होती. त्याने ती उघडली. वही काढली. काळी दोन. लूपची सुरुवात, शेवट. वहीतले आकडे आणि फाईलमधले आकडे एकच होते. त्याने पुढची पट्टी पाहिली, मग त्यापुढची. नव्या संचात कुणीही हात घातला नव्हता. हे सगळं त्याचं स्वतःचं होतं, त्याने जसं करून दिलं होतं तसंच. आणि गेल्या वर्षीचा संच, ज्यात काहीच टिक नव्हती, तो त्या चौसष्ट बदललेल्या सुरांतला होता.

खाली माग पुन्हा सुरू झाले. सतपालची आई उठली, तिने त्याच्यापुढे ताटलीत सोललेले मटार आणि मीठ ठेवलं, आणि म्हणाली, “खा लो बेटा, ताज़े हैं।” त्याने चार दाणे तोंडात टाकले. आठ दिवसांत दुरुस्त फाईल पाठवतो, असं सतपालला सांगितलं. सतपाल त्याला रिक्षापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “मैं नीरज जी को कुछ नहीं बोलूँगा।” ते ऐकून समाधानला जास्तच वाईट वाटलं.

परतीच्या बसमध्ये त्याला झोप आली नाही. सोळा महिने तो डोळ्यांनी काम करत होता. पडद्यावर सुराची रेघ दिसते. जिथे ती रेघ मधल्या ओळीला छेदते, तिथे कापून तिथेच जोडलं की सांधा जुळल्यासारखा दिसतो. पण रेघ वर चढत असताना कापली आणि खाली उतरत असताना जोडली, तर दिसायला भेट होते आणि ऐकायला ठेच लागते. हे त्यानेच अक्षयाला शिकवलं होतं. तो कधीपासून ऐकायचं सोडून बघायला लागला, ते त्याला आठवेना. बहुधा असं काही एका दिवशी झालंच नसेल.

घरी पोचला तेव्हा पाच वाजले होते. स्वरूपा लवकर आली होती, गॅलरीत कपडे काढत होती. त्याने तिथेच उभं राहून सांगितलं. फार शब्द लागले नाहीत.

ती हातातला टॉवेल घेऊन तशीच उभी राहिली. “मला वाटायचं,” ती म्हणाली, “तुम्ही मुद्दाम लक्ष देत नाही.”

“नाही गं.”

“दीड-दोन वर्षं मी रागावून बसले होते तुमच्यावर.” ती हसली की काय झालं ते त्याला कळलं नाही, कारण तिने तोंड टॉवेलकडे वळवलं होतं. “अच्छा. चलो. शनिवारी कान दाखवून येऊ.”

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेला आणि अक्षयाला म्हणाला, “चहाला येतेस?” खाली रस्त्यापलीकडे टपरी होती. ती आली, पण ग्लास घेऊन ती नुसती उभी राहिली, प्यायली नाही.

“तू केलंस ना?” त्याने विचारलं.

“हो.”

“सगळे चौसष्ट?”

“मोजले नाहीत मी.” मग ती म्हणाली, “या वेळचा संच गेला तेव्हा मी लातूरला होते. आईचं ऑपरेशन होतं, पंधरा दिवस रजा होती. परत आले तोवर तो बाहेर गेला होता. मी ऐकला आणि मला कळलं, आता येणार फोन.”

“मला सांगायचं होतंस.”

“कसं सांगू, सर?” तिचा आवाज चढला, मग तिने आजूबाजूला बघून तो खाली घेतला. “पहिल्यांदा वाटलं, घाईत राहिलं असेल, करून टाकू. मग दुसऱ्या आठवड्यात परत. मग वाटलं, तुमची तब्येत बरी नसेल. कळेपर्यंत तीन-चार महिने गेले. आणि एवढे महिने गुपचूप केल्यावर अचानक येऊन काय म्हणायचं? सर, तुम्हाला ऐकू येत नाही?”

त्याने ग्लास खाली ठेवला. “मीटिंगमध्ये मी एवढं बोललो, तरी तू गप्प बसलीस.”

“तुमच्यासाठी नाही बसले. मलाच भीती वाटली. परवानगीशिवाय फाईली उघडल्या, म्हणून नीरज सरांनी मलाच काढलं असतं.” तिने ग्लास दुसऱ्या हातात घेतला. “आणि खरं सांगू का, मी दमले आहे. रोज तुम्ही गेल्यावर एक तास बसते मी. कधी दोन. माझं काम वेगळं, हे वेगळं. माझ्या रूममेटला वाटतं माझं काहीतरी प्रकरण चालू आहे. मी कंटाळलेय सर, पेटी ऐकून.”

समाधान इतका वेळ स्वतःची कीव करण्यात गुंतला होता, ते तिथे संपलं. तो रोज सहाच्या मेट्रोने जायचा आणि ही मुलगी मागे बसलेली असायची, हे त्याने पाहिलं होतं. अभ्यासाची सवय आहे, असं त्याला वाटायचं. त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

“तुमचं काय चुकलं त्यात?” ती म्हणाली, पण वैतागूनच, आणि गार झालेला चहा एका दमात प्यायली.

तिथूनच दोघं नीरजकडे गेली. समाधानने दार लावलं आणि सगळं सांगितलं, पानिपतसकट. नीरज बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो कुणावर काढावा हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी तो अक्षयाला म्हणाला, “बिना पूछे फ़ाइल नहीं खोलनी चाहिए थी।” आणि समाधानला म्हणाला, “आपको एक साल पहले कान दिखाने चाहिए थे।” दोघांनाही ते मान्य होतं. मग त्याने ठरवलं, पट्ट्या नेमण्याचं आणि जुने संच नव्या फाईलमध्ये आणण्याचं काम समाधानने करावं, त्या कामाला कान लागत नाहीत. सांधे यापुढे अक्षयाचे. तिचं नाव फाईलीत त्या जागी जाईल. पगाराचं एप्रिलमध्ये बघू, असं तो मोघम बोलला. समाधानच्या खुर्चीमागे थांबून तो पुन्हा कुणाला काही म्हणणार नव्हता, हे न सांगता कळलं.

शनिवारी तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून त्याच्या कानाला हेडफोन लावले, आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. तो मन लावून वाट बघत बसला. बराच वेळ काहीच आलं नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदावरचा आलेख दाखवला. डावीकडून सरळ चाललेली रेघ मध्येच उतरणीला लागली होती. “बारीक, उंच आवाज गेलेत,” त्या म्हणाल्या, “बोलण्यातले ‘स’, ‘त’ अर्धे कळत असतील. वर्षानुवर्षं हेडफोन लावता का?” त्यांची मराठी ऐकून स्वरूपाने गाव विचारलं. त्या अकोल्याच्या निघाल्या. यंत्र लावलं तर संभाषण सुधारेल, त्या म्हणाल्या, पण तुमच्या कामाला पुरेल असं मी सांगणार नाही. समाधानने तो आलेख घडी करून खिशात ठेवला. एखाद्या खराब सुराची रेघ असावी तशी ती रेघ होती, आणि ती जोडता येणारी नव्हती.

स्वरूपाने परत येताना मेट्रोत त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. हलकं वाटतंय थोडं.”

ते खोटं नव्हतं. सोळा महिने ओढलेलं एक ओझं खाली ठेवल्यासारखं झालं होतं. मात्र ते उचलायची ताकद आता आपल्यात नाही, हेही त्यासोबत कळलं होतं.

पानिपतला आठ दिवसांत द्यायचं कबूल केलं होतं, त्यातले चार उरले होते. पेटीच्या बेचाळीस पट्ट्या होत्या. सोमवारी सकाळी अक्षयाने खुर्ची त्याच्या टेबलाशी ओढली. हेडफोन तिच्या कानाला होते, कीबोर्ड त्याच्या हाताखाली. फाईल पडद्यावर उघडी होती, आणि आकडे बदलले की लगेच वाजवून बघता येत होतं.

“काळी दोन लावा,” ती म्हणाली.

त्याने लावली. तिने डोळे मिटले. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. टक् झालं की तिच्या उजव्या भुवईखाली जरासं हलायचं.

“थोडं मागे,” ती म्हणाली. “शंभर.”

त्याने शंभर मागे घेतलं. रेघ बघून म्हणाला, “इथे चढतेय. आणखी चाळीस घेऊ, म्हणजे दोन्हीकडे चढती मिळेल.”

“घ्या.”

भुवई हलली नाही. ती ऐकत राहिली, पंधरा सेकंद, वीस सेकंद.

“झाला?” त्याने विचारलं.

“थांबा.” मग तिने डोळे उघडले. “झाला. पुढची.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ पट्ट्या झाल्या. दोघांच्याही माना आखडल्या होत्या. अक्षया हेडफोन काढून कान चोळत होती, आणि समाधानने पहिल्यांदाच तिला विचारलं की आई आता कशी आहे.